पंपाच्या खोपीत आणि जेटीवर: डाय कास्ट ॲल्युमिनियमचा डबा कुठे घ्यावा, कुठे घेऊ नये

डिचोलीच्या एका तरुण उद्योजकाचा प्रश्न आहे. तो कुळागरांसाठी, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांसाठी, पंप कंट्रोलर आणि टाकीच्या पातळीचे इंडिकेटर बनवतो. डब्यात एक छोटा बोर्ड, पॉवर सप्लाय, रिले आणि मालकाच्या मोबाईलवर मेसेज पाठवणारा जीएसएम मोडेम असतो. सध्या एबीएस प्लास्टिकचे डबे वापरतो, पावसाळ्यात त्यांच्या तक्रारी येतात. आता जेटीवर बसवायच्या पन्नास नगांची ऑर्डर मिळाली आहे. पुरवठादार म्हणतो की डाय कास्ट ॲल्युमिनियमचे डबे घ्या. भाव जवळजवळ तिप्पट. एवढे पैसे घालून नेमका काय फायदा होतो आणि स्वतःचा साचा करावा का, हे त्याला जाणून घ्यायचं आहे.

आधी थेट उत्तर देतो. कुळागरासाठी बिनधास्त घ्या. जेटीसाठी घ्यायचे तर मिश्रधातू आणि कोटिंग विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि आतला मोडेम तुम्हाला त्रास देणार आहे, त्याची सोय आधी करा. मात्र आजच्या डब्यातला माल नुसता उचलून धातूच्या डब्यात ठेवलात तर तिप्पट पैशांतले निम्म्याहून अधिक वाया जातील. धातू त्याचं काम करतो. बाकीचं काम तुम्ही भोकं कुठे पाडता, बोर्ड कसा बसवता आणि स्क्रू कुठले वापरता यावर ठरतं.

डाय कास्ट म्हणजे वितळलेला धातू पोलादी साच्यात मोठ्या दाबाने ढकलून केलेलं ओतकाम. आपल्याकडच्या कारखान्यांत त्याला पीडीसी, म्हणजे प्रेशर डाय कास्टिंग, म्हणतात. दाब न देता वरून ओतलं तर ती ग्रॅव्हिटी डाय कास्टिंग, म्हणजे जीडीसी. दाबाच्या ओतकामात दोन-तीन मिलिमीटरची भिंत, गॅस्केटची खोबणी, स्क्रूचे बॉस (स्क्रू बसायचे जाड उंचवटे), बोर्ड टेकवायचे खांब आणि बाहेरच्या रिब हे सगळं एकाच तुकड्यात निघतं. वाकवून वेल्ड केलेल्या पत्र्याच्या डब्यात प्रत्येक कोपरा हा एक सांधा असतो आणि पाणी तिथूनच वाट काढतं. सीआरसीए, म्हणजे साध्या पोलादी, पत्र्याचा डबा आपल्या हवेत पहिला सडतो तो वेल्डच्या रेषेवर. ओतलेल्या डब्याला सांधा एकच, झाकणाचा. मला विचाराल तर याचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

आता पाण्याचं बघू, कारण तुमच्या तक्रारी तिथल्या आहेत. डब्यावर आयपी ६५, ६६, ६७ असे आकडे असतात. पहिला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा आकडा पाण्याचा. ५ ला ६.३ मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला १२.५ लिटर पाणी मारतात. ६ ला १२.५ मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला १०० लिटर. ७ ला डबा एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवतात. या वेगवेगळ्या परीक्षा आहेत. ६७ पास झालेला डबा ६६ पास असेलच असं नाही, म्हणून जोराच्या फवाऱ्यासाठी दोन्ही लिहिलेला घ्यावा. आणि ही परीक्षा नव्या, गार डब्याची, गोड्या पाण्याची. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातून निभावायला केवळ हा आकडा पुरत नाही.

खरा घोळ होतो मिरगाच्या आसपास. सकाळभर ऊन, डबा तापून आतली हवा साठ अंशांवर जाते. फुगलेली हवा ग्लँडमधून (केबल आत घ्यायच्या भोकातल्या घट्ट आवळायच्या नटातून), वायरच्या तारांमधून हळूहळू बाहेर निघते. दुपारी एकाएकी सर येते आणि डबा पाच-दहा मिनिटांत अठ्ठावीस अंशांवर उतरतो. आतला दाब साधारण दहा टक्क्यांनी पडतो, म्हणजे जवळजवळ एक मीटर पाण्याच्या उंचीएवढी ओढ तयार होते. त्याच वेळी गॅस्केटच्या कडेवर पाणी उभं असतं. डबा ते स्वतःच आत ओढून घेतो. हे पावसाळ्यात अनेकदा घडतं, आणि एकदा आत आलेली वाफ सहसा बाहेर पडत नाही. लोक सिलिका जेलच्या पुड्या टाकतात. उघड्यावरच्या डब्यात त्या काही आठवड्यांत भरून जातात आणि मग त्यांचा उपयोग शून्य.

यावर इलाज म्हणजे श्वास घेणारा प्लग, व्हेंट प्लग. त्यात पातळ पडदा असतो, त्यातून हवा जाते पण पाण्याचा थेंब जात नाही. दाब सारखा राहिला की ओढ नाही. डबा जितका पक्का, तितका हा प्लग गरजेचा, कारण ढिल्या प्लास्टिकच्या डब्याची हवा कशीतरी फटीतून ये-जा करत असते, ओतलेल्या डब्याची नाही. प्लग डब्याच्या खालच्या किंवा बाजूच्या भिंतीला लावा, वर नको. सगळ्या केबल खालून घ्या आणि आत शिरण्याआधी केबलला खाली एक वळसा द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी तिथे टपकून जाईल. वरून केबल घेतलेला डबा कितीही महाग असला तरी मी बिघडलेला धरूनच चालतो.

डबा निवडताना झाकण उघडून एक गोष्ट बघा. झाकणाचे स्क्रू आणि भिंतीला ठोकायची भोकं गॅस्केटच्या रेषेच्या बाहेर आहेत ना? आत असतील तर प्रत्येक स्क्रू हा गळतीचा रस्ता. चांगल्या डब्यात ती बाहेरच्या कोपऱ्यांत असतात. गॅस्केट निओप्रीनचं असेल तर वर्षभर दबून ते चपटं होतं आणि परत फुगत नाही. सिलिकॉनचं जास्त टिकतं. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, एका बाजूने एकामागून एक आवळलात तर झाकण तिरकं बसतं.

भोकं पाडण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण कार्यशाळेत चुका इथे होतात. दाबाच्या ओतकामाची वरची कातडी घट्ट असते, पण भिंतीच्या मध्यात बारीक हवेचे फुगे अडकलेले असू शकतात, ज्याला आपण पोरोसिटी म्हणतो. भोक पाडलं की ते उघडे पडतात. तीन मिलिमीटरच्या भिंतीत एम २०, म्हणजे २० मिलिमीटरच्या, ग्लँडचे आटे पाडले तर १.५ मिलिमीटरच्या पिचने जेमतेम दोन आटे मिळतात. त्यावर भरवसा नको. साधं आरपार भोक पाडा, बाहेरून वायसर आणि आतून लॉकनट लावा. आटे पाडायचेच असतील तर ओतकामात जाड बॉस असलेला डबा घ्या. टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारताना थेंबभर रॉकेल टाकलं तर ॲल्युमिनियम टॅपला चिकटत नाही.

उष्णतेबद्दल बाजारात जे सांगतात ते अर्धंच खरं आहे. ॲल्युमिनियमची उष्णता वाहून नेण्याची क्षमता प्लास्टिकच्या शेकडो पट असते. ओतकामाच्या मिश्रधातूत ती साधारण ९० ते १४० वॅट प्रति मीटर केल्विन धरा, प्लास्टिकची ०.२ च्या आसपास. आकडा बघून वाटतं की बोर्ड आत ठेवला की काम झालं. तसं होत नाही. बोर्ड चार खांबांवर हवेत उभा असेल तर उष्णतेला आधी आतली कोंडलेली हवा पार करायची असते, आणि अडथळा त्या हवेचा असतो. भिंत धातूची की प्लास्टिकची, याने मग एक-दोन अंशांचाच फरक पडतो. फायदा तेव्हा, जेव्हा तापणारा भाग, म्हणजे रेग्युलेटर, ट्रायॅक किंवा पॉवर सप्लायची पट्टी, सरळ भिंतीला टेकवून आवळता. मध्ये सिलिकॉन पॅड किंवा अभ्रकाची चकती घाला, नाहीतर डब्यात वीज उतरेल. तसं केलंत की पूर्ण डबा हीट सिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा भाग, होतो.

हिशेब करून बघा. २०० बाय १५० बाय ८० मिलिमीटरचा डबा भिंतीला लावला, मागची बाजू सोडली तर उघडं क्षेत्रफळ ०.०८६ चौरस मीटर भरतं. रंगवलेला डबा वाऱ्याविना साधारण एका चौरस मीटरला, एका अंशाच्या फरकाला दहा वॅट टाकतो. आतले दहा वॅट बाहेर काढायला डब्याला हवेपेक्षा बाराएक अंश गरम व्हावं लागेल. ठीक आहे, चालेल. आता तोच डबा उन्हात तोंड वर करून ठेवा. भर दुपारचं ऊन चौरस मीटरला हजार वॅट असतं. काळ्या रंगाचं झाकण त्यातले पंचवीसेक वॅट पिऊन घेतं, म्हणजे तुमच्या बोर्डाच्या अडीचपट. पांढऱ्या किंवा फिक्या राखाडी झाकणावर ते दहाच्या आसपास येतं. म्हणून फिका रंग घ्या आणि वर पत्र्याचं छोटं छप्पर घाला. पॉलिश केलेला, न रंगवलेला डबा मात्र घेऊ नका. चकचकीत धातू किरणांनी उष्णता फारच कमी टाकतो, त्यामुळे तो उलट जास्त तापतो.

विद्युत गोंगाट, म्हणजे नको असलेल्या विद्युत लहरी, हे तुमच्या पंप कंट्रोलरच्या तक्रारींचं दुसरं कारण असणार. कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच) सुटला की मायक्रोकंट्रोलर अडकतो किंवा आपोआप रीसेट होतो, हे मी फोंड्याच्या बाजूच्या कुळागरांत कित्येकदा बघितलंय. धातूचा डबा बाहेरच्या लहरी अडवतो, आतल्या बाहेर जाऊ देत नाही. पण गोंगाट बहुतेक वेळा हवेतून नाही, वायरीतून येतो. सेन्सरची वायर मोटरच्या केबलला बांधून तीस मीटर नेली असेल तर डबा काहीही करू शकत नाही. शिल्ड, म्हणजे धातूच्या जाळीचं आवरण, असलेली केबल वापरा. तिची जाळी आत आणून शेपटीसारखी एका स्क्रूला बांधू नका, धातूच्या ग्लँडमध्येच सगळ्या बाजूंनी दाबा. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर स्नबर (विजेचा झटका शोषणारा छोटा भाग) लावा. झाकण आणि डबा यांच्या कडांवर पावडर कोटिंग चढलेलं असेल तर दोन्ही एकमेकांपासून वेगळे पडतात, आणि शिल्डिंगला फट राहते. चांगले पुरवठादार ती कडा झाकून कोटिंग करतात. सांगितलंत तर करतात, न सांगता कोणी करत नाही.

आणि तुमचा मोडेम. बंद धातूच्या डब्यात त्याला सिग्नल मिळणार नाही, हे पुरवठादाराने तुम्हाला सांगितलं नसेल. झाकणाच्या फटीतून झिरपलेल्या सिग्नलवर भरवसा ठेवू नका. अँटेना बाहेर काढा, डब्याच्या भिंतीला बसणारा एसएमए कनेक्टर रबरी वायसर लावून घाला. सत्तरीच्या दरीतल्या कुळागरात तसंही अँटेना खांबावर चढवावी लागते, तेव्हा यात फारसं नुकसान नाही.

आता खाऱ्या वाऱ्याचं. पन्नास नगांच्या ऑर्डरचा नफा-तोटा इथे ठरेल. सगळं ॲल्युमिनियम एक नसतं. दाबाच्या ओतकामात सगळ्यात जास्त चालतो तो एडीसी १२ हा मिश्रधातू. त्यात तांबं दीड ते साडेतीन टक्के. एलएम २४ मध्ये तीन ते चार टक्के. तांब्यामुळे मशिनिंग सोपं जातं, ताकद वाढते, पण समुद्राकाठी तेच तांबं धातूला आतून पोखरायला मदत करतं. एलएम ६ मध्ये सिलिकॉन दहा ते तेरा टक्के आणि तांबं जास्तीत जास्त ०.१ टक्का, म्हणून खाऱ्या हवेत तो टिकतो. मशिनवर तो चिवट, हत्यारं लवकर बोथट करतो, म्हणून कारखानदार टाळतात. तुम्ही टाळू नका. पुरवठादाराकडे धातूच्या रासायनिक तपासणीचा दाखला मागा. ‘सर, सगळं मरीन ग्रेड आहे’ असं तोंडी उत्तर आलं तर पुढचा पुरवठादार बघा.

वास्को, शापोरा, मालीम, कुटबण, जिथे वारा सरळ समुद्रावरून येतो तिथे नुसता धातू पुरत नाही. आधी कन्व्हर्जन कोटिंग (रंग नीट धरावा म्हणून धातूवर दिलेला रासायनिक थर), त्यावर ६० ते ८० मायक्रॉन पावडर. सिलिकॉन जास्त असल्याने या ओतकामावर अॅनोडायझिंग (विजेने चढवलेला ऑक्साइडचा थर) छान बसत नाही, काळपट ठिपके येतात, तेव्हा कोणी ते विकत असेल तर नको म्हणा. खाऱ्या फवाऱ्याच्या चाचणीचा अहवालही मागता येतो. ३५ अंशांवर पाच टक्के मिठाच्या पाण्याच्या धुक्यात डबा किती तास टिकला, हे त्यात लिहिलेलं असतं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोटिंग झालेला डबा आणून त्यात गावच्या ड्रिलने सहा भोकं पाडणं. प्रत्येक भोकाच्या कडेला उघडा धातू राहतो आणि पावडरच्या खालून पांढरी भुकटी सरकत जाते. भोकांचं ड्रॉइंग पुरवठादाराला द्या, आधी भोकं आणि मग कोटिंग करून घ्या. पन्नास नगांना तो तयार होतो. जागेवर एखादं भोक पाडावंच लागलं तर कडेला इपॉक्सी प्रायमर लावा.

स्टेनलेसचा स्क्रू आणि ॲल्युमिनियम, मध्ये मिठाचं पाणी, म्हणजे बॅटरी झाली, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. तरी स्क्रू स्टेनलेसचेच घ्या, ३१६ चे घ्या, पण आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावा. पेस्ट नसेल तर दोन वर्षांनी झाकण उघडताना स्क्रूची मान तुटते, बॉससकट डबा जातो. अर्थिंगच्या वायरीच्या टोकाचा तांब्याचा लग थेट डब्यावर ठेवू नका, कलई केलेला घ्या. खाली दातेरी वायसर घाला, म्हणजे तो पावडर फोडून धातूला भिडेल. ग्लँड निकेल प्लेटिंग केलेल्या पितळेचे.

भिंतीबद्दल एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ओलं सिमेंट आणि चुना अल्कधर्मी असतात आणि ॲल्युमिनियमला खातात. पावसात भिजलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर, ताज्या गिलाव्यावर डबा चपटा ठोकलात तर समोरून नवा दिसतो आणि मागून कुजतो. दहा मिलिमीटरचे नायलॉनचे स्पेसर टाकून भिंतीपासून दूर ठेवा. वाराही खेळेल.

ताकद तर आहेच. उंदीर कुरतडत नाही, माकडांनी ओढला तरी फुटत नाही, उन्हात वर्षानुवर्षं राहून एबीएससारखा पिवळा पडून ठिसूळ होत नाही, आणि आत काही जळलं तर डबा पेटत नाही. पण आयके १० चा शिक्का बघून हुरळून जाऊ नका. त्याचा अर्थ २० ज्यूलचा मार सोसतो, म्हणजे पाच किलोचं वजन चाळीस सेंटिमीटरवरून. दीड किलोचा नारळ बारा मीटरवरून पडला तर पावणेदोनशे ज्यूल होतात. डबा माडाखाली लावू नका, इतकंच. चुडत पडलं तर चालतं.

धातूचा डबा घेतला की एक जबाबदारी अंगावर येते, ती म्हणजे अर्थिंग. प्लास्टिकच्या डब्यात फेजची वायर सुटली तर बाहेर काही होत नाही. इथे सुटली तर ओल्या पायांनी आलेल्या माणसाचा हात डब्यावर पडणार आहे. कुळागरातल्या पंपाच्या खोपीत अर्थिंगची तार नुसती दिसायला असते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. अर्थिंग मोजल्याशिवाय, आणि आरसीसीबी (वीज गळताच सप्लाय तोडणारा स्विच) नसेल तर, मी धातूचा डबा बसवून देत नाही. गिऱ्हाईक खर्चाला नको म्हणालं तर त्याला पॉलिकार्बोनेटचा डबा द्या, एबीएसचा नको. तो उन्हात बराच जास्त टिकतो.

काही जागी मी स्वतःच धातू टाळतो. ट्रॉलरच्या डेकवर, जिथे लाटेचं पाणी रोज अंगावर येतं, तिथे काचतंतूचा, म्हणजे जीआरपीचा डबा सरस. त्याला गंजच नाही. मोडेमची अँटेना आतच ठेवायची असेल तेव्हाही तोच. पेट्रोल पंप, गॅसचा साठा, रंगाचं गोदाम अशा स्फोटाचा धोका असलेल्या जागी डाय कास्टचे जड फ्लेमप्रूफ डबे लागतात, पण ते प्रमाणपत्रासह येतात आणि त्यांत तुम्ही एक जरी जादा भोक पाडलंत तरी प्रमाणपत्र रद्द. त्या कामात अनुभव नसताना पडू नये. झिंकच्या ओतकामाचे छोटे डबेही मिळतात. नाजूक काम छान निघतं, पण वजन ॲल्युमिनियमच्या जवळजवळ अडीचपट. आपल्या दमट हवेत चांगल्या प्लेटिंगशिवाय मी ते वापरत नाही.

स्वतःचा साचा करावा का, असंही तुम्ही विचारलंय. आत्ता नको. साच्याला काही लाख लागतात. समजा तीन लाख लागले आणि वर्षाला तीनशे नग विकले, तर पहिल्या वर्षी प्रत्येक डब्यावर हजार रुपये साच्याचेच पडले. ॲल्युमिनियम ओतायचा पोलादी साचा लाखभर ओतकामं देऊ शकतो, तुम्हाला त्यातली किती लागणार? तयार मापांतला डबा घ्या आणि बोर्ड त्या मापाचा करा. गिटारचे पेडल बनवणारे जगभर हेच करतात. हॅमंडचा १५९०बी हा ११२ बाय ६० बाय ३१ मिलिमीटरचा ओतलेला डबा घेतात आणि सर्किट त्यात बसवतात. गोंगाट अडतो, पायाने दाबला तरी मोडत नाही. आपल्या गोव्यात वाजवणारे कमी नाहीत, कोणा वादकाकडे असा पेडल असेल तर मागचे चार स्क्रू काढून आतलं काम बघा, बरंच शिकायला मिळेल.

पन्नासची ऑर्डर एकदम देऊ नका. दोन पुरवठादारांकडून पाच-पाच नग आणा, मेअखेर जेटीवर समुद्राच्या तोंडाला लावा. बोर्ड नको, आत फक्त आर्द्रता नोंदवणारा छोटा लॉगर ठेवा. निम्म्यांना व्हेंट प्लग, निम्मे तसेच. चवथीच्या सुमारास उघडा. स्क्रूच्या भोवती पांढरी भुकटी दिसली तर धातू किंवा पेस्ट चुकली. कोटिंगला भोकाच्या कडेने फोड आले तर कोटिंगच्या आधीची प्रक्रिया झालेली नाही. बाहेरून सगळं नवं, पण लॉगर सतत नव्वद टक्क्यांच्या वर, तर ग्लँड आणि गॅस्केट बघा. जेटीवाल्यांना तोवर थांबायला सांगा. थांबत नसतील तर पहिला हप्ता जीआरपीच्या डब्यात द्या आणि अँटेना आतच राहू द्या.